अठ्ठेचाळीस पानांचा स्लोव्हेनिया

स्लोव्हेनियाला जायचं ठरलं ते एका कॅलेंडरमुळे. माझी बायको मृणाल हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. तिच्या प्रोजेक्टचा क्लायंट त्या देशातला. त्यांनी डिसेंबरात पाठवलेलं कॅलेंडर ती घरी घेऊन आली. मी कसबा पेठेतल्या एका छापखान्यात डीटीपी करतो, त्यामुळे मी आधी कागद चाचपला, मग भिंगातून छपाई पाहिली आणि सगळ्यात शेवटी चित्रं. तळी, चर्च, हिरवी कुरणं. रंग इतके गडद होते की मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर वाढवलेत हे. असा निळा निसर्गात नसतो."

जुलैच्या पानावर मात्र एक घाट होता. वरून काढलेला फोटो. डोंगरावर सुतळीचं वेटोळं सोडून द्यावं तसा रस्ता.

त्या रविवारी अप्पा जेवायला आले होते. अप्पा म्हणजे मृणालचे वडील. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, कोथरूडला राहतात, पहाटे मंडळींबरोबर टेकडी चढतात. नोकरीत त्यांच्या बदल्या कोकणात फार झाल्या, त्यामुळे एसटीच्या पुढच्या सीटवर बसून घाट पाहणं ही त्यांची एकमेव चैन. त्यांनी चष्मा बदलून ते पान पाहिलं.

"हा घाट कुठला?"

मी आदल्या रात्रीच वाचून ठेवलं होतं. "व्रशिच खिंड. पन्नास वळणं आहेत. प्रत्येक वळणाला नंबर आहे."

"नंबर म्हणजे? पाटी लावलेली असते?"

"हो. नंबर आणि त्या जागेची उंची."

अप्पांनी ते पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. एका टूर कंपनीचा युरोपचा अर्ज त्यांनी अर्धा भरून ठेवला होता. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास, आणि त्यांच्याच शब्दांत शेवटचाही, कारण सत्तरीनंतर विमानात बारा तास बसणार नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं. तो अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी फाडला. "मला तळी-बिळी दाखवली नाहीत तरी चालेल," ते म्हणाले, "तो घाट तेवढा दाखवा."

ती टूर कंपनी स्लोव्हेनियाला जात नव्हती. मृणाल म्हणाली, "नितीन करेल सगळं."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि ते मला अजून 'अहो नितीनराव' म्हणत. "नितीनराव पत्रिका छान छापतात," ते म्हणाले आणि ताक प्यायले.

मी बारावीत राहिलो तो राहिलोच. तेव्हापासून अक्षरांत आहे. इंग्रजी बोलताना अडखळतो, पण स्पेलिंग चुकत नाही, आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ तर कोणी मला दाखवू नये. त्यामुळे जे येतं तेच केलं. प्रवासाचं पुस्तक तयार केलं.

चार महिने रोज काम संपल्यावर एक तास. कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठली बस, किती वाजता, तिकीट किती, मुक्काम कुठे, तिथून थांबा किती पावलांवर, शाकाहारी काय मिळेल, नळाचं पाणी पिता येतं का (येतं, आणि पुण्यापेक्षा गोड आहे). गावांची नावं त्यांच्या लिपीत आणि शेजारी देवनागरीत. 'मांसाशिवाय' याला त्यांच्या भाषेत 'ब्रेझ मेसा' म्हणतात, ते मोठ्या टाइपात. तुम्ही जाणार असाल तर हे दोन शब्द पाठ करून जा, बाकीचं हातवाऱ्यांनी निभावतं.

मजकूर चव्वेचाळीस पानांत संपला. पण छपाईत सोळा पानांचा एक फॉर्म असतो, तीन फॉर्म म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. शेवटची चार कोरी राहिली. तीन प्रती काढल्या, प्रत्येकाला एक. मृणालने तिची प्रत छातीशी धरून घरभर नाच केला. अप्पांनी त्यांची शेवटून उघडली.

"ही चार पानं का कोरी? मजकूर संपला वाटतं तुमचा."

मी सोळा पानांचा हिशोब सांगितला.

"म्हणजे कागद उरला म्हणून," अप्पा म्हणाले.

व्हिसाच्या कागदांनी माझी झोप उडवली. नोकरीचा दाखला हवा होता. आमच्या छापखान्याचे मालक वसंतकाका म्हणाले, "तूच कंपोज कर, मी सही करतो." त्यात खोटं काही नव्हतं, तरी स्वतःच्या नोकरीचा दाखला स्वतःच जुळवताना मी सारखा दाराकडे पाहत होतो. मुंबईला व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे देताना खिडकीतल्या बाईंनी पुस्तक चाळलं आणि विचारलं, "ही कोणती टूर कंपनी?" मी म्हणालो, "कंपनी नाही, मीच." त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं. बारा दिवसांनी तिघांचे पासपोर्ट व्हिसासकट घरी आले.

विमान मुंबईहून आखातामार्गे व्हेनिसला. तिकिटं चार महिने आधी घेतल्याने माणशी चाळीस हजारांच्या थोडं वर पडलं. थेट ल्युब्ल्याना या त्यांच्या राजधानीला जाण्यापेक्षा हे बरंच स्वस्त, कारण व्हेनिसहून तिथे बस तीन-साडेतीन तासांत पोहोचते आणि एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. सीमा कधी ओलांडली ते कळलंही नाही. अप्पा खिडकीतून चौकी शोधत राहिले. "एवढे कागद जमवले," ते म्हणाले, "निदान एखाद्याने पाहायला तरी हवे होते."

पहिले दोन दिवस ल्युब्ल्याना. मध्यभागी नदी, तिच्यावर पूल, एका पुलाच्या चारही टोकांना पंख पसरलेले ड्रॅगन. जुन्या गावात गाड्या येऊ देत नाहीत, त्यामुळे रस्त्याच्या मधून चालता येतं. पहिला दिवसभर मी सवयीने मागे वळून पाहत होतो. तिघांची खोली दिवसाला साठ युरोच्या आसपास, स्वयंपाकघरासकट. मृणालने सकाळी मेतकूट-भात केला, तेव्हा घरमालकीण वासाने दारात आली आणि चमचाभर खाऊन गेली.

तिसऱ्या दिवशी ब्लेड. बसने सव्वा तास, माणशी सात युरोच्या आत. तळ्याच्या मधोमध बेट, बेटावर चर्च, मागे किल्ला. नावाडी उभ्याने वल्हवत नेतो. मी काठावर गुडघे टेकून पाण्यात पाहिलं. कॅलेंडरवाल्यांनी रंग वाढवले नव्हते. उलट छपाईत थोडा उतरला होता. मी हे मृणालला तीनदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तू माफी मागतोयस का त्या तळ्याची?"

तिथल्या क्रीमच्या चौकोनी केकची फार कीर्ती आहे. वर आणि खाली खुसखुशीत पापुद्रा, मध्ये चार बोटं कस्टर्ड आणि साय. अप्पांनी एक संपवून दुसरा मागवला. पुस्तकात पान एकोणीसवर मी 'तिघांत दोन पुरतात' असं लिहिलं होतं. अप्पांनी खिशातलं लाल पेन काढून तिथे खूण केली. ते पेन त्यांनी पुण्याहून आणलं आहे हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवसापासून बोहिन्य. हे ब्लेडपेक्षा मोठं, शांत तळं, तीन बाजूंनी डोंगर. आम्ही जवळच्या एका छोट्या गावात शेतकऱ्याच्या घरी राहिलो. गवत वाळवायला लाकडी मांडव असतात, त्यांवर आडव्या दांड्या, जणू गावभर कोणी रेघी वह्या उघडून उभ्या केल्यात. जेवायला गव्हासारख्या काळसर धान्याच्या कण्या आणि वाडगाभर आंबट दूध. अप्पा पहिल्या घासाला म्हणाले, "हा तर कुट्टू. उपासाचं पीठ खायला सात समुद्र ओलांडून आलो." पण वाडगा पुसून खाल्ला. तीन दिवस असे गेले की पुस्तक उघडावं लागेना. प्रत्येक बस छापलेल्या मिनिटाला येत होती. अप्पा माझ्या पुस्तकाकडे आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत आणि बसमध्ये चढत. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

रविवार हा घाटाचा दिवस. सकाळी नऊ पस्तीसला गावातून बस, मग ब्लेडला बदलून क्रान्स्का गोरा हे घाटाच्या पायथ्याचं गाव, तिथून दुपारची बस खिंड ओलांडून पलीकडे बोव्हेत्सला. सोमवारी दिवसभर पलीकडची सोचा नदी, संध्याकाळी ल्युब्ल्याना. मंगळवारी व्हेनिसहून परतीचं विमान. पान एकतीसवर हे सगळं एका सुबक तक्त्यात होतं. त्या तक्त्यावर माझा जीव होता. आकड्याखाली आकडा, रकाने आरशासारखे.

नऊ वीसला आम्ही थांब्यावर. नऊ पस्तीस झाले. पंचेचाळीस झाले. चर्चची घंटा वाजली, लोक चांगले कपडे घालून चालत गेले. मी पान एकतीस पुन्हा उघडून पाहिलं. मृणाल म्हणाली, "येईल रे, पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे."

"इथे इकडेतिकडे होत नाही," मी म्हणालो.

अप्पा उठून खांबावरच्या वेळापत्रकासमोर उभे राहिले. चष्मा वर-खाली केला. मग माझं पुस्तक उघडून पाटीशेजारी धरलं.

"नितीनराव, इथे वेळेपुढे एक बारीक अक्षर आहे. तुमच्या पुस्तकात नाही."

मी जाऊन पाहिलं. प्रत्येक वेळेपुढे एक बारीक अक्षर होतं, आणि खाली त्यांचा अर्थ. आमच्या वेळेपुढच्या अक्षराचा अर्थ होता, फक्त कामाच्या दिवशी.

मला ती अक्षरं आठवली. इंटरनेटवरच्या मूळ तक्त्यातही होती. कुठे होती, कुठे नव्हती, त्यामुळे आकडे एका रेषेत बसत नव्हते. पुण्यात रविवारीही बस असते, त्यामुळे त्या अक्षरांत काही असेल असं डोक्यातच आलं नाही.

"रकाना वाकडा दिसत होता," मी म्हणालो, "म्हणून काढली."

अप्पांनी चष्मा काढला. "बँकेत कोणी रकाना सुंदर दिसावा म्हणून आकडा काढला असता," ते म्हणाले, "तर मी त्याला निरोपाचा नारळ दिला असता." आणि बाकावर जाऊन बसले. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

समोरच्या घरातल्या आजी फुलझाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी आमच्या बॅगा पाहिल्या, पाटीकडे बोट केलं, मान हलवली आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या तीन ग्लास घेऊन, कसल्याशा पांढऱ्या फुलांचं गार सरबत. त्यांच्या मागून त्यांचे यजमान, नव्वदीचे असावेत, ट्रॅक्टरची किल्ली घेऊन. मोडक्या इंग्रजीत कळलं ते इतकंच की दोन किलोमीटरवरच्या हमरस्त्यावर रविवारीही एक बस येते, दुपारी.

बॅगा ट्रॉलीत टाकल्या. मृणाल आणि मी मागून चालत. अप्पांना त्यांनी शेजारी, चाकावरच्या पत्र्यावर बसवलं. इस्त्रीची पँट, स्वेटर, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पुस्तक. मृणालने फोटो काढला तेव्हा ते म्हणाले, "हा टेकडीवर कोणाला दाखवायचा नाही." आजोबांना मी पैसे देऊ केले, त्यांनी माझा हात धरून मूठ परत मिटवली.

क्रान्स्का गोराला पोहोचलो तेव्हा घाटाची बस जाऊन तास झाला होता. टॅक्सीवाल्याने घाट ओलांडून नेण्याचे जे पैसे सांगितले ते ऐकून अप्पांनी "बसनेच" एवढंच म्हटलं. थांब्याजवळच एक खोली मिळाली. बोव्हेत्सचं बुकिंग बुडालं. उरला होता सोमवार. सकाळची बस मिळाली तर घाट दिसेल, पलीकडे तासभर नदी दिसेल आणि संध्याकाळी ल्युब्ल्याना गाठता येईल. ती चुकली तर घाट राहिला, कायमचा.

ऊन कलायला लागलं तेव्हा अप्पा म्हणाले, "चला." आम्ही दोघं थांब्यावर गेलो. त्यांनी चष्मा लावला, पाटीसमोर उभे राहिले.

"बँकेत एक जण वाचायचा, दुसरा टिक करायचा. मी वाचतो."

"प्रेसमध्येही प्रूफ असंच वाचतात," मी म्हणालो. "एकाच्या हातात मूळ कागद, दुसऱ्याच्या हातात प्रूफ."

"मग हे कोणाबरोबर वाचलं होतं?"

"एकट्यानेच."

"का? घरात दोन शिकलेली माणसं होती."

मी पेनाचं टोपण काढलं. खरं उत्तर त्यांना माहीत असावं. त्यांना दाखवायचं होतं ते पूर्ण झालेलं पुस्तक, चुका असलेलं नव्हे.

"लिहा," अप्पा म्हणाले. त्यांनी सोमवारची प्रत्येक वेळ वाचली, अक्षरासकट, खालचा अर्थही दरवेळी नव्याने वाचला. मी मागून म्हणायचो, ते मान हलवायचे. मग आम्ही अदलाबदल केली, मी वाचलं, त्यांनी तपासलं. बोव्हेत्सहून सुटणारी दुपारची बसही फोनवर मूळ तक्त्यातून तशीच जुळवली. अर्धा तास लागला. येणारी-जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

सोमवारी बस वेळेवर आली. अप्पा चालकाच्या मागच्या पहिल्या सीटवर. गाव संपलं, झाडी सुरू झाली आणि उजवीकडे पाटी आली. अप्पा मोठ्याने म्हणाले, "एक." आणि पुस्तकाच्या कोऱ्या पानावर उंची लिहिली. "दोन." "तीन." वळणांवर दगडी फरसबंदी आहे, बस तिथे दात वाजवते, त्यामुळे त्यांचे आकडे उड्या मारत उमटत होते. आठव्या वळणाजवळ झाडीत एक लाकडी चर्च आहे. पहिल्या महायुद्धात हा रस्ता बांधताना हिमकडा कोसळून जे रशियन युद्धकैदी गेले त्यांच्या आठवणीचं. अप्पांनी हात जोडले, आकडा मात्र सोडला नाही.

सतराव्या वळणाला चालकाने आरशातून पाहिलं. "इंडिया?"

"पुणे," अप्पा म्हणाले. "अठरा."

"ओसेमनाइस्त," चालक म्हणाला. अठरा. तिथून पुढे दोघे आपापल्या भाषेत मोजत गेले. एका जागी मेंढ्या आडव्या आल्या, बस थांबली, तरी दोघेही मधला आकडा विसरले नाहीत. मागे मृणालने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

चोविसाव्या वळणानंतर खिंड. सोळाशे मीटरच्या वर, घळींत जुलैतही बर्फाचे पांढरे ठिपके. बस थोडा वेळ थांबते. समोरच्या कड्यात मुलीचा चेहरा दिसतो म्हणतात. मृणालला दिसला नाही, मला दिसल्यासारखा वाटला. अप्पा म्हणाले, "ते बघा नाक. ती हनुवटी." आणि माझं डोकं दोन्ही हातांनी धरून नेमकं त्या दिशेला वळवलं. दिसला.

उतारावर राहिलेली सव्वीस वळणं. पन्नासावं आलं तेव्हा चालकाने हॉर्न वाजवला. सोचा नदी आम्हाला तासभरच मिळाली. तिचा रंग मी शाईच्या टक्क्यांत मांडायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. जाणार असाल तर तिच्या काठी दोन रात्री ठेवा. आम्ही एकच ठेवली होती, तीही एका अक्षराने घेतली.

पुण्याला परतून आठवडा झाला. अप्पांचा फोन नाही. मृणाल म्हणाली, "झोपत असतील." मी खर्च, वेळा, चुका या ब्लॉगसाठी लिहायला घेतल्या, पण त्या रविवारपाशी येऊन थांबत होतो.

मग एका दुपारी छापखान्याच्या जिन्यावर छत्रीचा आवाज आला. तीन वर्षांत अप्पा तिथे कधी आले नव्हते. वसंतकाकांनी खुर्ची पुढे केली. अप्पांनी बसण्याआधी माझ्या टेबलावर त्यांची प्रत ठेवली. कडेकडेने लाल खुणा होत्या. केक माणशी दीड. थांब्यापासून खोली दोनशे पावलं नव्हे, दोनशे ऐंशी. शेवटची चार पानं कडेपर्यंत भरलेली. पन्नास वळणांच्या उंच्या, सरबताची चव, ट्रॅक्टरवर बसायचं कसं आणि धरायचं कुठे.

"दुसरी आवृत्ती काढायची," अप्पा म्हणाले. "बारा प्रती. टेकडीवरच्या मंडळींनी फोटो पाहिला."

"कोणता फोटो? ट्रॅक्टरवरचा?" मी विचारलं.

"तो नाही. तोही," अप्पा म्हणाले. "रविवारची अक्षरं घाल. रकाना वाकडा झाला तरी चालेल. प्रूफ आलं की घरी घेऊन ये, मी वाचतो, तू बघ." मग त्यांनी मुखपृष्ठ समोर धरलं. "आणि हे काय? पुस्तकावर नाव नाही. कोणी लिहिलं ते लोकांना कळायला नको?"

ते गेल्यावर वसंतकाका म्हणाले, "माणूस कडक आहे."

मी फाइल उघडली. अक्षरं घातली. रकाना वाकडा झाला, तसाच ठेवला. मग मुखपृष्ठाच्या खालच्या बाजूला, मधोमध, माझं नाव टाइप केलं. आजवर हजारो पत्रिकांवर लोकांची नावं जुळवली आहेत. हे सहा-सात अक्षरांचं नाव मी तीनदा तपासलं आणि तरीही संध्याकाळी प्रिंट काढून कोथरूडची बस पकडली.